दाजी मेस्त्रीची उदबत्ती

आदरणीय हेडमास्तर, ओव्हरसियरसाहेब, आपल्या घरांच्या लाइनीतले शेजारी, आणि तिकडे आंब्याखाली बसलेल्या आयाबहिणींनो,

एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. खाडीपलीकडून होडीनं लोक आलेत. मी हजेरी घेणारा माणूस, त्यामुळे नजर आपोआप मोजत सुटते. दाजी मेस्त्री असता तर म्हणाला असता, "भाऊनू, आज तरी रेघो मारू नकात."

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी दोन पानं लिहून काढली. खिशात आहेत. त्यात कर्तव्यदक्ष वगैरे सगळं आहे. ती मी वाचणार नाही. सकाळी घरातून निघताना आमची मंडळी म्हणाली, "आज काय ता सांगून टाका. तुमी सांगलास नाय तर मी उठतंय." ती तिथं तिसऱ्या ओळीत बसली आहे. उठायची वेळ मी तिच्यावर येऊ देणार नाही. दुःख आहेच. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटते आहे. का वाटते आहे, ते सांगायलाच मी उभा आहे.

मेस्त्रीचा फोटो आपल्याकडे नाही. पुलाच्या उद्घाटनाचा एक आहे, त्यात त्याचा नुसता खांदा आलाय. म्हणून या स्टुलावर त्याची थापी ठेवली आहे, त्याचा ओळंबा ठेवला आहे, आणि हा उदबत्तीचा पुडा. हा पुडा त्याच्याच पिशवीत निघाला. अर्धा भरलेला आहे. समोर पेटवली आहे ती काडी यातलीच.

लाइनीत नवीन आलेल्यांना त्याची नीट माहिती नसेल. दाजी मूळचा खारेपाटणकडचा. गवंडी होण्याआधी तो किनाऱ्यावरच्या चुनाभट्टीत कामाला होता. कालवांचे शिंपले भाजून चुना करतात, ती भट्टी. तिथं एकदा थंडीच्या दिवसांत दोन गडी उबेसाठी भट्टीच्या आडोशाला झोपले. वर माडाचे झाप, बाजूनं झाप, कुठून वारा म्हणून नाही. सकाळी दाजी त्यांना चहाला हाक मारायला गेला. दोघं झोपल्यासारखेच होते. तोंडं लालसर, अंगावर जखम नाही, कपडा जळलेला नाही. गावात लोक म्हणाले, भुताचं काम. दाजीनं ते ऐकून घेतलं. मला मात्र तो म्हणाला होता, "भूत नाय, भाऊनू. विस्तवाचो वारो. त्याका वास येणा नाय, तोच वायट. माणूस झोपता आणि उठणा नाय."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते तेव्हा ठेवलं नाही.

मग पुलाचं काम निघालं आणि ही घरं आली. तुमच्यापैकी कितीजणांनी ती येताना पाहिली? गलबतातून तुकडे उतरले होते. फळ्यांवर आकडे घातलेले, पत्र्यांवर आकडे घातलेले, बोल्टांच्या गोणी वेगळ्या. आकड्याला आकडा जुळवायचा आणि घर उभं करायचं. आठ दिवसांत दोन घरं उठली, गाव बघायला लोटला. कुठल्यातरी थंड मुलखासाठी केलेली घरं असणार ती. फळीत फळी अशी बसलेली की मुंगीला वाट नाही. पत्र्याखाली आणखी एक फळ्यांचं छत. आम्हाला वाटलं, वा, काय घर आहे. पावसाचा थेंब येणार नाही.

दाजी मात्र पहिल्या घरात गेला, दार लावून घेतलं, थोडा वेळ उभा राहिला आणि बाहेर आला. म्हणाला, "ह्या घर श्वास घेणा नाय."

आपली गावची घरं कशी असतात? वर कौलांचे नळे. नळ्यांमधून चुलीचा धूर आपला आपण निघून जातो. भिंत आढ्यापर्यंत जात नाही, मध्ये हातभर मोकळं. आपण कधी त्या मोकळ्या जागेकडे बघितलंय का? नाही बघितलं. ती होती म्हणून आपल्या आज्या-पणज्या जगल्या, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही. या नव्या घरांत ती जागा नव्हती.

त्या घरांबरोबर एक छापील पुस्तिका आली होती. इंग्रजी. ती माझ्या कचेरीत होती. दाजी दोनदा माझ्याकडे आला, "भाऊनू, त्या कागदात विस्तवाचा काय लिवलाहा काय बघा." मी वरवर चाळली आणि म्हटलं, बोल्टांचं लिहिलंय. शेवटचं पान मी उलटलंच नव्हतं. त्याच्यावर काय होतं ते मी पुढे वाचलं. आत विस्तव असेल तर हवेच्या वाटा बंद करू नयेत, एवढंच होतं. मोठ्या अक्षरात होतं.

दाजीला ते वाचायची गरज लागली नाही. त्यानं डांबराच्या पिंपांचे पत्रे वळवून धुराडी केली. प्रत्येक चुलीवर एक, पार आढ्याच्या वर दोन हात. धुराडं फळ्यांतून जातं तिथं लाकूड तापू नये म्हणून भोवती वीतभर जागा सोडून माती-चुन्याचं कडं भरलं. आणि प्रत्येक खोलीला दोन भोकं पाडली. एक खाली जमिनीजवळ, एक वर छताजवळ. तळहाताएवढी. "खालसून येवंदे, वयसून जावंदे," असं म्हणायचा. दर पावसाळ्याच्या आधी, आणि पावसात दर आठवड्याला, चुली पेटायच्या वेळी तो लाइनीतून फिरायचा. हातात उदबत्ती. घरात शिरायचा नाही. बाहेरून उकिडवा बसायचा आणि खालच्या भोकापाशी काडी धरायचा. धूर आत ओढला गेला की उठायचा, पुढच्या घरी. धूर तिथंच घुटमळला, की दार वाजवायचा. "कोणी बोळो घातलोहा?"

आपण त्याला काय म्हणत होतो? उदबत्ती मेस्त. बाया म्हणायच्या, इलो बघ भगत, भोकाची पूजा करूक. ओव्हरसियरसाहेब, तुमच्या आधीच्या साहेबांनी तर त्याला धूर-इन्स्पेक्टर असं नाव ठेवलं होतं. आपण हसलो. मी सगळ्यांत जास्त हसलो. त्याचा बसण्याचा प्रकार मी करून दाखवायचो, कचेरीतले लोक पोट धरून हसायचे.

आणि त्याला विचारायचं काय, तर एकच. आजवर कोणाक काय झाला? सांग मेस्ता, आजवर ह्या लाइनीत कोणाक काय झाला? आठ वर्षं हा प्रश्न त्याला विचारला गेला आणि आठ वर्षं तो गप्प बसला. त्याच्याकडे उत्तर नव्हतं असं तुम्हाला वाटत असेल. त्याच्याकडे उत्तर होतं. ते माझं होतं. ते त्यानं माझ्यासाठी पोटात ठेवलं.

ऐका आता.

गोवा मोकळं झालं त्याच्या आदल्या श्रावणातली गोष्ट. नऊ नंबरच्या घरात आमची मंडळी बाळंत झाली. पहिलं बाळंतपण. आरोंद्याहून माझी आई आली. आई म्हणजे काय बाई होती ते आरोंद्याचे लोक इथं बसलेत, ते सांगतील. स्वतःची सहा बाळंतपणं, गावातली किती केली त्याची गणती नाही. शेक, शेगडी, ओव्याची धुरी, सगळं तिच्या हातातलं. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, आणि बाळंतिणीला वारा लागता कामा नये. म्हणून तिनं पहिल्याच दिवशी दोन्ही भोकांत गोणपाट कोंबलं. खिडकी लावली. दाराच्या फटीला लुगड्याची घडी लावली. तिनं काही वावगं केलं नाही. आरोंद्याच्या घरात ती हेच करत आली होती आणि तिथं वर नळे होते.

संध्याकाळी दाजी उदबत्ती घेऊन आला. धूर हलला नाही. त्यानं बाहेरून हाक मारली.

"आयेनू, भोकातला गोणपाट काढा. आत निखारे आसत."

आई आतून म्हणाली, "मेस्ता, बाळंतिणीच्या खोलयेपाशी तुजा काय काम? चल, वाटेक लाग. माका शिकवक इलो."

"शिकवणंय नाय, आये. पाया पडतंय. वयला तरी काढा."

"वारो लागलो तर तू येतलंस काय?"

तो गेला नाही. त्यानं तारेचा आकडा केला आणि बाहेरून ते गोणपाट ओढून काढलं. आई बोंब मारत बाहेर आली. मी कचेरीतून येतच होतो. मी काय केलं? मी त्याला साहेबी मराठीत सुनावलं. मेस्त्री, आपल्या मर्यादेत राहा. हे बाळंतिणीचं घर आहे. तो म्हणाला, "भाऊनू, एकदा हात आत घालून बघा, हवा हलणा नाय." मी हात घातला नाही. मी दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला. सरकारी घराची नासधूस, बाळंतिणीच्या खोलीपाशी आडदांडपणा. माझं अक्षर चांगलं. साहेबांनी त्याला आठ दिवस कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. त्या आठ दिवसांच्या रकान्यात गैरहजेरीच्या रेघा मीच मारल्या.

आणि आईनं गोणपाट पुन्हा कोंबलं. या वेळी घट्ट.

दुसऱ्या दिवशी मंडळीचं डोकं दुखायला लागलं. उलटी झाली. आई म्हणाली, बघ, मेस्तान वारो लावल्यान. म्हणून आणखी एक शेगडी आली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो. बाहेर पाऊस होता. दार वाजवलं, कोणी उघडेना. ढकललं. आत ऊब होती, ओव्याचा वास होता, आणि सगळे झोपले होते. मला पहिल्यांदा बरंच वाटलं, की चला, सगळ्यांचा डोळा लागलाय. मी पाय न वाजवता आत गेलो, जाग येऊ नये म्हणून. मग मूल कण्हलं. ते रडणं नव्हतं. मी मंडळीला हाक मारली. तिचा हात उचलला, तो खाली पडला.

मी ओरडत बाहेर आलो. आणि कोण धावत आलं? ज्याच्या रकान्यात मी रेघ मारली होती तो. बाकी लाइन कामावर होती, तो घरी बसून होता म्हणूनच त्याला ऐकू गेलं. त्यानं आधी शेगड्या उचलून पावसात फेकल्या. हात भाजले. मग मूल माझ्या हातात दिलं, मंडळीला पडवीत ओढलं. मी तिच्या तोंडात पाणी घालायला गेलो तर म्हणाला, "पाणी नको. वारो घाल. वारोच होयो तिका." बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

आई शेगडीच्या शेजारी चटईवर झोपली होती. आई उठली नाही.

(हेडमास्तर, मला जरा पाणी द्या. नाही, बसत नाही. बसलो तर परत उठणार नाही.)

माझी आई म्हातारपणानं गेली असं मी तुम्हाला सांगितलं. पडवीत बसली होती, बोलता बोलता मान टाकली, असं सांगितलं. तुम्ही म्हणालात, भाग्याची बाई, नातवाचं तोंड बघून गेली. मी मान हलवली. ते खोटं होतं. लोक जमायच्या आधी दाजीनं दोन्ही भोकांतलं गोणपाट काढलं, काखेत मारलं आणि मागच्या वाटेनं निघून गेला. मी सांगितलंही नव्हतं. पुढे बाराव्याला मी त्याच्याकडे गेलो. म्हटलं, मेस्त्री, हे बाहेर पडलं तर लोक म्हणतील म्हातारीनं आपल्या हातानं केलं. सुनेला बोल लावतील. पोराला अवलक्षणी म्हणतील. आणि खरं कारण मी बोललोच नाही, ते म्हणजे माझा अर्ज. त्याला ते कळलं होतं. तो म्हणाला, "तुमच्या आयेचा नाव मी काढूचंय नाय. पण भाऊनू, माका फिराक देवा."

मला फिरू द्या. एवढंच मागितलं त्यानं. आणि तो फिरला. आणि आपण विचारत राहिलो, आजवर कोणाक काय झाला. मी कचेरीत बसून ते ऐकत होतो. मी एक वाक्य बोललो असतो तर तुमचं हसू तिथल्या तिथे थांबलं असतं. मी बोललो नाही. मंडळी म्हणायची, सांगा. मी म्हणायचो, पोर मोठं होऊ दे. मग म्हणायचो, पूल पुरा होऊ दे. पूल पुरा झाला, साहेब बदलले, घरं राहिली, आपण राहिलो, आणि मी तसाच राहिलो.

गेल्या महिन्यात दाजीला धाप लागायला लागली. चुन्यानं छाती गेलीच होती. मी भेटायला गेलो तेव्हा त्याला बोलायला त्रास होत होता. मला वाटलं, आता तरी तो काही म्हणेल. निदान डोळ्यांनी तरी म्हणेल. तो काय म्हणाला सांगू? "चार नंबरात चेडू इलाहा काय माहेराक?" मी म्हटलं, परबांची लेक ना, आली आहे बाळंतपणाला. "किती दिस आसत?" म्हटलं, मिरगाच्या सुमाराला. त्यानं उशाची पिशवी माझ्याकडे सरकवली. हा पुडा त्यातच होता. "माका उठाक जमणा नाय. तुमी बघशात मां?"

मी हो म्हणालो. ते त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

आता मला भीती कसली वाटते ते सांगतो. मिरग आठ दिवसांवर आला आहे. आज सकाळी मी त्याच्यासारखा लाइनीतून फिरलो. उकिडवा बसायला मला जमत नाही, वाकून बघितलं. पावसाचं पाणी येऊ नये म्हणून लोकांनी तयारी केली आहे, झाप बांधलेत, ठीक आहे. पण खालची भोकं? सात घरांत बोळे आहेत. एका घरात तर चिखलानं लिंपून टाकलंय. दाजीला जाऊन दहा दिवस झालेत, दहाच. आणि धुराडी? काथ्याची पेंडी दोरीला बांधून तो दर वर्षी आतली काजळी काढायचा. या वर्षी कोणी काढली? हात वर करा. कोणीच नाही.

परबवहिनी, तुमच्याकडे मी मघापासून बघत नाहीये, मुद्दाम. तुमची शालू बाळंतपणाला आली आहे. खोली छान केली आहे तुम्ही. खिडकीला जाड गोधडी, दाराला पडदा. आणि दोन्ही भोकांत गोणपाट. मी सकाळी तुमच्या दाराशी आलो होतो. हाक मारायला तोंड उघडलं, आणि मला माझ्या आईचा आवाज आला, चल, वाटेक लाग. मी परत फिरलो, वहिनी. मेस्त्री कधी परत फिरला नसता. तेव्हापासून मला चैन नाही. इथं हार घालतानासुद्धा माझं लक्ष चार नंबरच्या दाराकडे आहे.

तुम्ही म्हणाल, आमच्यात असंच करतात. होय, आमच्यातही. तुम्ही म्हणाल, आजवर कोणाला काय झालं? तर माझ्या आईला झालं. नऊ नंबरात झालं. तिचं नाव पार्वती. आता हा प्रश्न परत कोणी विचारायचा नाही. शेक द्या, ओवा जाळा, लेकीचे सगळे लाड करा. पण निखारे आत असतील तर खालचं आणि वरचं भोक उघडं ठेवा, आणि माणसं झोपायच्या आधी शेगडी बाहेर काढा. बाळंतिणीला वारा लागला तर ती शिंकेल. वहिनी, हात जोडतो.

सभा संपताना दोन मिनिटं उभं राहायची पद्धत आहे. मी हेडमास्तरांना विचारून थोडं वेगळं करायचं ठरवलं आहे. चुली पेटायची वेळ झालीच आहे. पुड्यात काड्या पुरेशा आहेत. प्रत्येक घरानं एक घ्यावी, या समोरच्या काडीवर पेटवावी आणि आपापल्या घराच्या खालच्या भोकापाशी धरावी. आधी चूल पेटवा, बोळा असेल तर तो काढा. धूर आत गेला की हात जोडा. दाजी मेस्त्रीला याहून वेगळा नमस्कार मला सुचत नाही. उद्यापासून दर आठवड्याला मी फिरणार आहे. हसायचं असेल त्यांनी हसावं, मी दार वाजवणारच.

पहिली काडी चार नंबरची. वहिनी, उठा. मीही तुमच्याबरोबर येतो, मंडळीही येईल. ज्यांना यायचं आहे त्यांनी मागून या. इथून परबांच्या भिंतीपर्यंत कोणी बोलू नये, हेच आपलं मौन. तो धूर आत जाताना दिसेपर्यंत ते मोडायचं नाही.

चला.